मनुकेची साल

हीराबाईची मूठ उघडेना, एवढंच झालं. सकाळची वेळ. माझी बायको पाणी गाळून नुकतीच उठली होती. आमच्या जैन घरात दुपदरी जाड कापडातून गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब कुणाच्या तोंडी लागत नाही, आणि गाळून झालं की ते कापड उलटं धरून, वरून गाळलेलंच पाणी ओतून, त्यात अडकले असतील नसतील ते जीव पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडायचे. ज्याचं घर त्याला. हे सगळं तिनं रोजच्यासारखं नीट केलं. मग गाळणं वाळत घालायला दोरीपाशी गेली आणि तिथंच थांबली. उजव्या हाताची बोटं कापडासकट आत वळली होती, अंगठा तळव्यात शिरला होता, आणि ती त्या मुठीकडे दुसऱ्याच कुणाची असावी तशी बघत होती. मी धावलो. तिनं डाव्या हातानं एकेक बोट सोडवलं, हसली आणि म्हणाली, काही नाही, हात आखडला, तुमची शाळेची वेळ झाली. वेळ झाली होती हे खरं. मी टोपी घातली आणि निघालो. पण वाटेत मी माझाच हात सारखा उघडमीट करून बघत होतो, आणि पानाच्या ठेल्यावरचे लोक माझ्याकडे बघत होते.

तिनं आषाढापासून मीठ सोडलं होतं. आमच्यात हे नवलाचं नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कुणी तूप सोडतं, कुणी गूळ, कुणी हिरवी भाजी. माझ्या आईनं तर एका वर्षी बोलणंच सोडलं होतं, आणि बापाला त्या वर्षाची आठवण फार गोड होती. पण हीराबाईचं सोडणं मला पहिल्यापासून खटकत होतं. ती माझं वरण मिठाचं करायची, स्वतःचं अळणी काढून ठेवायची, आणि ते अळणी वरण ज्या चेहऱ्यानं खायची तो व्रताचा चेहरा नव्हता. व्रत करणाऱ्या बाया जरा मिरवतात, निदान थकल्याचं तरी दाखवतात. ही चूपचाप, दात दाबून जेवायची. भादव्याचं ऊन आमच्याकडे वैशाखाची आठवण करून देतं. त्यात ती एकदाच जेवायची, कामाला बैलासारखी, घामानं पोलकं पाठीवर ओलं व्हायचं आणि वाळलं की त्यावर पांढरे डाग उमटायचे. तहान लागली की लवंग टाकून उकळलेलं पाणी तांब्यातांब्यानं प्यायची. पोटऱ्यांत गोळे यायचे. मागल्या आठवड्यात देवळाच्या पायरीवर घेरी येऊन बसली, तेव्हा मी दौलतसिंग डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी डोळे पाहिले, नाडी पाहिली आणि माझ्याकडे वळून सांगितलं की बाईंना आधी मीठ सुरू करा, हे असंच चाललं तर मला पुन्हा बोलावून उपयोग नाही. ते बोलत असतानाच हीराबाई उठून आत गेली. कपाटात काहीतरी शोधत असल्यासारखा आवाज करत राहिली, डॉक्टर जाईपर्यंत. संध्याकाळी तिनं मला सांगितलं की चतुर्दशीला, देवळात चातुर्मासासाठी उतरलेल्या ब्रह्मचारीजींपुढे ती मिठाचा आजन्म त्याग घेणार आहे. आजन्म. मी पान खात होतो, ते थुंकून टाकलं. चतुर्दशी आता आठवड्यावर आली होती.

त्या दिवशी मला शाळेत धडाही नेमका तोच होता, पातळ पडद्यातून पाणी कसं आरपार जातं. मी कारंज्यातला विज्ञानाचा मास्तर. नागपुरात शिकलो, तिथं बाटल्यानळ्या हाताळल्या, आणि इथं येऊन खडूनं फळ्यावर बाटल्या काढत बसलो. पुस्तकात प्रयोग दिला होता: बकऱ्याचा फुगा, म्हणजे मूत्राशय, घ्या. फुगा नसेल तर अंड्याचं कवच विरघळवून आतला पडदा घ्या. तेही नसेल तर बटाटा कोरून घ्या. मी पुस्तक मिटलं. लिहिणाऱ्यानं माझं घर डोळ्यांपुढे ठेवूनच ही नावं निवडली असावीत. बकरा नाही, अंडं नाही आणि जमिनीखालचा कंदही नाही. मधल्या सुट्टीत रऊफ मास्तरांपाशी रडलो. रऊफ उर्दू-फारसी शिकवायचे, आणि माझी चेष्टा करण्याची एकही संधी त्यांनी आजवर वाया घालवली नव्हती. म्हणाले, खाटीक माझ्याच गल्लीत आहे, फुगा मी आणतो, मीच धरतो, तुम्ही लांबून पट्टीनं दाखवा, पाप माझ्या खात्यावर. मी हसलो नाही. तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, घरी बरं आहे ना विचारलं, आणि मग जरा वेळानं म्हणाले, "आमची बीबी सरवरी शीरखुर्म्यात मनुका टाकते. टाकतानी म्हातारी, खातानी टम्म. ते कोन्त्या जनावराची आहे सांगा."

मनुका! अहो, आमच्या घरात उपवासाच्या पारण्याला मनुकांचं पाणी लहानपणापासून बघत आलो, आणि नागपूरपर्यंत जाऊन शिकून आलो, तरी कधी डोक्यात आलं नाही. शाळा सुटल्यावर दुकानातून मूठभर घेतल्या आणि चालताचालता एक बोटांत धरून बघत राहिलो. सुरकुतलेली, कोरडी, एका टोकाला देठाचा ठिपका. हिला ना दार, ना खिडकी. पाण्यात टाकली की पाणी आत. बरं, पाणी आत जातं तर आतली गोडी त्याच वाटेनं बाहेर का येत नाही? येत असेल थोडी, पण पाण्यासारखी धावत नाही. साल ओळखते कशी? पाण्याला ये म्हणते, साखरेला थांब म्हणते, आणि जिकडे गोडी दाट तिकडेच पाणी ओढलं जातं, हे त्या पाण्याला कोण सांगतं? पुस्तकात नियम दिला होता, आकडे दिले होते, पण कोण सांगतं ते दिलं नव्हतं. लग्न होऊन धनजहून आली तेव्हा हीराबाई असंच विचारायची. स्वयंपाक करताकरता एकदम हात थांबवून, मीठ पाण्यात जाते कोठी, मंग दिसत काहून नाही. मी उत्तर दिलं की दुसरा प्रश्न तयार. मी वैतागल्याचं सोंग करायचो. वर्गात एवढे प्रश्न कुणी विचारले असते तर मी हरखून गेलो असतो. आमची लेक कस्तुरा तिच्यावर गेली होती. तिला तर चंद्र विहिरीत पडून फुटत का नाही इथपासून सगळं हवं असायचं. कस्तुरा पटकीच्या साथीत गेली, दोन पावसाळ्यांआधी, आणि त्यानंतर हीराबाईनं मला काहीही विचारलं नाही. भाजी कोणती करू, एवढंसुद्धा नाही. करून वाढायची. मला तिचा राग यायचा आणि भीतीही वाटायची, आणि दोन्ही मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

खरं सांगायचं तर घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरंही एक आलं होतं. तिच्या गाळण्यात सगळं अडतं, मीठ अडत नाही. लवंगेच्या पाण्यात चिमूट टाकली तर जिभेलाही कळणार नाही, लवंग सगळं झाकते. तिचा जीव वाचेल आणि तिला पत्ता लागणार नाही. मी माजघरात गेलो, मिठाची बरणी फळीवर होती, पाण्याचा हंडा तिच्या खालीच. कुणी बघत नव्हतं. हात वर केला आणि तसाच खाली आणला. धर्माची भीती वाटली असं नाही. वाटलं, जिनं कधी माझ्याशिवाय कुणाला काही विचारलं नाही, तिला न विचारता तिच्या आत काही घालायचं, मग माझ्यात आणि तिला पायरीवर घेरी आणणाऱ्या उन्हात फरक काय? नाहीच जमलं. मी बरणी सोडून मनुका घेऊन बाहेर आलो आणि तिला म्हणालो की रविवारी मला घरी एक प्रयोग करून बघायचा आहे, वर्गात फसलो तर पोरं हसतील, वाट्या पाहिजेत. तिनं मान हलवली. पाणी गाळलेलं घ्याल, एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी मी सोप्यात पाट मांडला. तीन वाट्या ठेवल्या. एकीत नुसतं पाणी, एकीत बेताचं मीठ घातलेलं, एकीत मीठ विरघळेनासं होईस्तोवर. पाणी तिनं स्वतः उकळून, गार करून दिलं, कच्चं पाणी दिवसभर ठेवून त्यात जीव होऊ द्यायला ती तयार नव्हती. मिठाची बरणीही तिनंच काढून दिली, चेहरा दुसरीकडे करून. प्रत्येक वाटीत मनुका टाकल्या, एक कोरडी पाटावर ठेवली. मग मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलो. ती आत कामाला गेली. मग तांदूळ निवडायला बाहेर आली. तांदूळ आतही निवडता आले असते. मी पेपर खाली घेतला नाही. थोड्या वेळानं तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पाटाशी येऊन बसली, गुडघ्यावर हनुवटी, कस्तुरा बसायची तशी.

दुपार कलेपर्यंत नुसत्या पाण्यातल्या मनुका इतक्या फुगल्या की ओळखू येईनात. एक देठापाशी टचकन उलली आणि आतला गर दिसला. बेताच्या पाण्यातल्या भरल्या होत्या, पण साबूत. तिसऱ्या वाटीतल्या जेमतेम हलल्या होत्या. मी एक फुगलेली उचलून त्या खाऱ्या वाटीत टाकली, आणि ऊन भिंतीवर चढेपर्यंत तीही हळूहळू पडली, सुरकुत्या परत आल्या. हीराबाई श्वास धरून बघत होती. आणि मग, दोन वर्षांनंतर, तिनं मला प्रश्न विचारला.

"ते पाणी कोठी गेलं?"

बाहेर आलं, म्हणालो. खाऱ्यानं ओढून घेतलं. जिकडे दाट तिकडे पाणी जाते. मी हे इतकं जपून बोललो, जणू अंगणात उतरलेलं पाखरू उडून जाईल. तिनं कोरडी मनुका उचलली, अंगठ्यानं तिच्या सुरकुत्या चाचपल्या. बराच वेळ. माझ्या तोंडावर पुढचं वाक्य तयार होतं, माणसाच्या अंगातही असंच असतं, मीठ गेलं की पाणी टिकत नाही, हात आखडतात. तेच तर मला सांगायचं होतं, त्यासाठीच ही वाट्यांची मांडामांड. पण तिनं मला बोलू दिलं नाही.

"तिची बोटं अशी झाली व्हती," ती म्हणाली. "शेवटी. आठोते तुमाले?"

मला आठवत होतं. पटकीत तसंच होतं, सगळं पाणी निघून जातं, लेकराची बोटं धुणं धुतल्यासारखी होतात आणि मग त्याहून वाईट. मी मान खाली घातली. मला वाटलं आता ती उठेल. ती उठली नाही.

"पाणी मांगत व्हती पोर," ती म्हणाली. "आई पाणी दे, आई पाणी दे. आन् त्या डॉक्टरनं काय केलं? तिच्या हातात सुई टोचून मीठ घातलं. मी उभी व्हतो तेथी. बाटली मी पाह्यली. पाणी मांगणाऱ्या लेकराले मीठ. थ्या मिठानंच नेलं तिले. म्हून सोडलं मी. देवासाठी नाही सोडलं, तुमाले काय वाटलं?"

मला देवासाठीच वाटलं होतं. सगळ्या गावाला वाटलं होतं, देवळातल्या बाया तिचं उदाहरण सुनांना देत होत्या. आणि ही रोज ते अळणी वरण दात दाबून खात होती, कारण तिचं मिठाशी वैर होतं. मी तिच्याबरोबर एका घरात राहिलो, एका विहिरीचं पाणी प्यायलो आणि मला हे कळलं नव्हतं. दौलतसिंग डॉक्टर बोलत असताना ती का उठून गेली तेही आता कळलं. ती बाटली त्यांचीच होती. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि उललेली मनुका तिच्या तळहातावर ठेवली.

मग मी तिला सांगितलं. वर्गात सांगतो तसं नाही, अडखळत. रक्तात बारीक बारीक कण असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि एकेकाला अशीच साल असते. हे तिला पटवावं लागलं नाही, न दिसणाऱ्यांना सांभाळणं तिचं रोजचंच काम. त्या कणांच्या आत बेताचं मीठ असतं आणि बाहेरही बेताचंच लागतं. कस्तुराचं पाणी गेलं तसं मीठही गेलं होतं. तोंडानं दिलेलं पाणी पोटात ठरत नव्हतं. आणि नुसतं पाणी सुईनं रक्तात घातलं असतं तर ते सगळे कण असे उलले असते, हिच्यासारखे. म्हणून पाण्यात मीठ घालावं लागतं. पाणी तिला दिलंच होतं डॉक्टरांनी. बाटलीत पाणीच होतं. मीठ त्या पाण्याला धरून ठेवायला होतं.

ती ऐकत होती. तिनं मधली वाटी पुढे ओढली, त्यातली एक साबूत, भरलेली मनुका काढली आणि दुसऱ्या तळहातावर घेतली. एका हातात ती, एका हातात उललेली.

"अशी झाली असती का ते? या मधल्यासारकी?"

"तेच करून पाह्यत व्हते डॉक्टर."

"मंग वाचली काहून नाही?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, अर्धं. खूप उशिरा आणलं होतं, खूप निघून गेलं होतं, लेकरू लहान. पण त्या सगळ्यापलीकडे मला माहीत नव्हतं, आणि मला तिला त्या वेळी माहीत नसलेलं सांगायचं नव्हतं. "उशीर झाला व्हता," मी म्हणालो. "आन् बाकी मले माहीत नाही, हीरा." तिनं मान हलवली. तिला बहुतेक हेच हवं होतं, की काहीतरी मलाही माहीत नाही. जरा वेळानं तिनं विचारलं की मग तिच्या स्वतःच्या अंगातलं मीठ कुठं गेलं. मी तिच्या पोलक्याच्या पाठीवरचे पांढरे डाग दाखवले. तिनं मान वळवून बघायचा प्रयत्न केला, बघता येईना, तर पदर पुढे घेऊन त्याच्या काठावरची पांढरी रेघ नखानं खरवडली. मग वाट्यांतल्या मनुका टाकायच्या नाहीत म्हणून मला खायला लावल्या. खाऱ्या वाटीतली खाताना माझं तोंड वाकडं झालं, तर कशी लागते विचारलं. मी सांगितलं, आधी खारट, मग गोड.

चतुर्दशीला देवळात गर्दी मावत नव्हती. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, मधे ब्रह्मचारीजी. एकेक बाई पुढे होऊन काय सोडणार ते सांगत होती आणि ते मोठ्यानं सगळ्यांना ऐकवत होते. हीराबाईची पाळी आली आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी घंटेला झोंबलं. मी मान उंच करून पाहिलं. तिचे ओठ हलले. ब्रह्मचारीजींनी आशीर्वादाला हात वर केला. काय सोडलं, ऐकू आलं नाही. शेजारच्या जगदेवभाऊंना विचारलं तर म्हणाले, माझं लक्ष नव्हतं, असेल काहीतरी गोडधोड. वाटेत मी तिला विचारलं नाही. घरी तिनं स्वतःचं वरण अळणीच काढलं. मी मनाची समजूत घातली, चतुर्दशीचं व्रत दिवस मावळेपर्यंतचं असतं. दुसऱ्या दिवशीही अळणीच. विचारायचं माझ्या ओठांवर येई आणि मी गिळून टाकी, कारण उत्तर आजन्म असलं तर ते ऐकून घेण्याची ताकद माझ्यात नव्हती. तिची बोटं मात्र मी चोरून बघायचो, भाकरी थापताना, तांब्या उचलताना.

मग क्षमेचा दिवस आला. पर्व संपल्यावर आमच्यात एकमेकांची क्षमा मागतात. वर्षभरात कळत नकळत जे काही दुखावलं असेल त्याची, माणसांची, मुक्या जिवांची, पाण्यातल्या आणि मातीतल्या न दिसणाऱ्यांची, सगळ्यांची. सकाळी न्हाऊन ती सगळ्या गल्लीत जाऊन आली. ज्या जावेशी वाकडं होतं तिच्या पायाही पडून आली. कुठूनतरी येताना ती दौलतसिंग डॉक्टरांच्या दारावरून आली, हे मला त्यांनीच दुपारी रस्त्यात थांबवून सांगितलं. म्हणाले, बाई आल्या, हात जोडले आणि एक शब्द न बोलता गेल्या, काय झालं हो? मी म्हणालो, काही नाही, आमच्यात आज असं करतात.

पण ते दुपारचं. सकाळी ती परत आली, माझ्यापुढे उभी राहून हात जोडले, मीही जोडले. दोघंही म्हणायचं ते पुटपुटलो, नेहमीसारखं, जरा लाजून. मग ती माजघरात गेली. मी सोप्यातून बघत होतो. ती फळीपाशी थांबली. दोन्ही हातांनी मिठाची बरणी उचलून खाली घेतली, पाटावर ठेवली, जसं पाहुण्याला बसवावं, आणि तिच्यापुढे बसली. आमच्यात कच्च्या मिठालाही जीव मानतात, मातीचा जीव, म्हणून त्याची क्षमा मागणं वेडेपणाचं नाही. पण मी आजवर कुणाला मागताना पाहिलं नव्हतं. तिनं हात जोडले.

"तू तिच्याच बाजूनं व्हतं," ती बरणीला म्हणाली. "मले माहीत नव्हतं. माफ कर."

मग झाकण काढलं, चिमूटभर घेतलं आणि शिजत्या वरणात टाकलं, एकाच भांड्यात, आज दोन भांडी नव्हती. म्हणजे चतुर्दशीला तिनं सोडलं ते मीठ नव्हतं. ढवळता ढवळता तिचा हात मधेच थांबला आणि तिनं मान न वळवता मला विचारलं, आता हे वरणात गेलं तर डाळीच्या दाण्यात जाते का बाहेरच राह्यते. मी पाट घेऊन चुलीपाशी जाऊन बसलो आणि सांगू लागलो. वरणात मीठ त्या दिवशी जरा जास्तच पडलं होतं. आम्ही दोघांनीही मागून घेतलं.